गाडीतला हुरडा

मोडनिंब
१८ जानेवारी १९७६

तीर्थस्वरूप अण्णांस,
सुगलाचा शरणार्थ.

वहिनींचा तिळगूळ आणि तुमचं पत्र एकाच दिवशी मिळालं. तिळगूळ छान झाला होता. इकडं सगळं ठीक. शाळू यंदा बरा आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. यांचा खोकला थंडीनं वाढलाय, पण काढा पुढं केला की लहान पोरासारखं तोंड फिरवतात.

आता तुमच्या पत्राविषयी. येत्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना हिप्परग्याच्या तलावाभोवती फिरवून आणायचं आहे, तेव्हा आमची अँबॅसिडर ड्रायव्हर बडेसाबसकट पाठवावी, असं तुम्ही लिहिलंय. बेत मोठ्या हौसेनं आखलाय. कोवळ्या उन्हात निघायचं, धरणाच्या भिंतीवरून पाणी आणि पाखरं दाखवायची, मग गाडीवाटेनं पलीकडच्या काठाला तुमच्या वाटेकऱ्याच्या, सोमलिंगच्या रानात हुरडा, आणि उन्हं कलताना घर. वाचून मला आधी हसू आलं. लहानपणी मी तलावावर जाते म्हटलं की तुम्ही काठी घेऊन मागं लागायचात, आणि आता स्वतःच वाटाड्या झालात.

मग पान उलटलं. आपल्या महानंदानं पाहुण्यांच्या आधीपासूनच गाडीत बसलेलं असावं. मांडीवर शाल असावी. भिंतीवर गाडी थांबली तरी तिनं उतरू नये, वारं फार आहे म्हणावं. वाटेतल्या देवळाला गाडीतूनच हात जोडावेत. हुरडाही तिला गाडीतच द्यावा, ऊन सोसत नाही म्हणून सांगावं. संध्याकाळी पाहुणे घरात यायच्या आधी तिला पाटावर बसवावं आणि साखरपुडा उरकून घ्यावा.

ते पान मी खाली ठेवलं आणि हात धुऊन आले. खरंच धुतले, अण्णा.

बघायला आलेली माणसं चहा पितात, नाव-गाव विचारतात आणि शेवटी म्हणतात, 'जरा चालून दाखव, बाळ.' लहानपणीच्या तापानं महानंदाचा डावा पाय बारीक राहिला, ती लंगडते, आणि त्या एका वाक्यावर दोन स्थळं उठून गेली. म्हणून आता तिला चालूच द्यायचं नाही. त्यासाठी तुम्ही अख्खा तलाव कामाला लावलात. नवरामुलगा पाणी बघत बसेल आणि त्याच्या शेजारी तुम्ही आपली पोर खोक्यात भरलेल्या कपबशीसारखी जपून फिरवणार. आणि लग्न झाल्यावर काय करणार? तिला सासरी पालखीत ठेवणार का?

बडेसाबला रविवारचा बेत सांगावा लागला. आमच्या घरी गाडी चालवून त्याचे केस पिकले, कधी उलट बोलला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हुरडा गाडीत बसून खायाचा? मग आगटी डिकीत पेटवू का, बाईसाब?" मला लाजेनं मान वर करता येईना.

महानंदाला तुम्ही विचारलंत का? मला तर ती दिवाळीतच बोलली होती. "आत्या, मी रोज बालवाडीत चालत जाती. सगळी पेठ बघती. ज्याच्या घरात जल्म काढायचा त्याच्याच म्होरं कशापायी लपू?" तुमच्या पोटची पोर तुमच्याहून शहाणी निघाली. त्या मुलाला ती नको असेल तर नको असू दे. दुःख होईल, तिसऱ्यांदा होईल, ती माझ्याकडं येऊन रडेल. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो तिच्या पायाकडं बघेल आणि मग तिच्या तोंडाकडं बघेल, ते बघणं तिनं आयुष्यभर कसं सोसायचं?

खरं तर मी एवढंच लिहून थांबणार होते. पण तुम्ही शेवटी लिहिलंय, 'एकदा कुंकू लागलं की कोणी मागं फिरत नाही. तुझंच बघ, सोन्यासारखा संसार झाला.' हे तुम्ही लिहायला नको होतं.

मला बघायला हे आले तेव्हा खाली मान घालून बसले होते आणि सगळी उत्तरं यांचे थोरले भाऊ देत होते. मला वाटलं, किती लाजाळू माणूस. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन मागून तीनदा हाक मारली. हे वळले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. यांना ऐकू येत नाही, हे मला अंगणातल्या मोलकरणीनं सांगितलं.

त्याचं मला वाईट वाटलं, पण किळस कधी आली नाही. माणूस देवासारखा आहे. किळस पुढच्या वर्षी आली. मी भाकरी थापत होते आणि हे सहज बोलून गेले, "तुज्या अण्णाला मी बाभळीखाली गाठून सांगितलं हुतं. मला ऐकू येत न्हाय, आदी तिला सांगा, मग हो म्हणा. त्यांनी निरोप धाडला, ती तयार हाय. समदं ठावं असून आलेली तू एकटीच."

तव्यावर भाकरी करपली. यांच्या तोंडावर इतका अभिमान होता की मी नुसती मान हलवली. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नव्हतंत. सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते आता मलाही कळायचं नाही. तेवढं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. आणि तेव्हापासून तुमचं खोटं मी माझ्या घरात सांभाळतेय. यांच्यासाठी सांभाळते, तुमच्यासाठी नाही.

काल तुमचं पत्र यांनी माझ्या हातातून घेऊन वाचलं. वाचून हसले. म्हणाले, "कशाला येवढा आटापिटा? अण्णांनी तुला सांगितलं तसंच त्या पोराला सांगायचं की. तू न्हाय म्हणालीस का?"

मी उठून गोठ्यात गेले.

तेव्हा आता ऐका. रविवारी गाडी येईल आणि गाडीत मीही असेन. त्याआधी तुम्ही मुलाला आणि त्याच्या आईला महानंदाच्या पायाचं स्पष्ट सांगा. मग तलाव दाखवा, हुरडा जमिनीवर बसून खाऊ घाला, पोरीला काठानं हिंडू द्या. सांगणं जमणार नसेल तर गाडी विसरा, आणि तुम्ही इकडं मोडनिंबला या. यांच्यापुढं उभे राहा आणि सांगा की सुगलाला काहीच माहीत नव्हतं. हळू बोलून चालणार नाही, अण्णा. ओरडून सांगावं लागेल.

अजून तुम्हाला अण्णा म्हणणारी,
सुगला