आमच्या घरात चांगलं बोलत नाहीत

४ नोव्हेंबर

विद्यापीठाचा अर्ज गेला! बटण दाबलं आणि फोन उलटा ठेवून दिला.

आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "गेला ना? आता विसर. ते काय तुला घेतायत!" बाबा दुकानात सोफा ठोकत होते, तोंडात नेहमीप्रमाणे खिळे. ते खिळ्यांच्या मधूनच म्हणाले, "घेणारच नाहीत. दगड आहे ती."

म्हणजे दोघंही खूश आहेत. मला रडायला आलं, पण दाखवलं नाही.

९ नोव्हेंबर

फिजिक्सचे सर आज माझ्यावर उखडले. म्हणजे माझ्यावर नाही, बाबांवर. सर घरची खुर्ची शिवायला घेऊन दुकानात गेले होते. सहज म्हणाले, की तुमची मुलगी त्या विद्यापीठात जाईल असं मला वाटतं. त्यावर बाबा म्हणाले, "कसली जातेय! पहिल्याच फेरीत दांडी गुल." सर हैराण. आज वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "अगं, हजारोंतून बोटांवर मोजण्याइतकी मुलं घेतात तिथे. तुला घरून धीर मिळायला हवा! आणि हे काय?"

मग सांगावं लागलं. आजोबांनी म्हणे आत्याचं लग्न ठरल्याचं साऱ्या गल्लीला हसत हसत सांगितलं होतं, आणि आठवड्याच्या आत ते मोडलं. तेव्हापासून आमच्या घरात एक कायदा आहे: गोष्ट हातात पडेपर्यंत तिच्याबद्दल चांगलं बोलायचं नाही. वाईटच बोलायचं, आणि जितकं व्हायला हवं असेल तितकं जास्त वाईट. आत्याचं दुसरं स्थळ आलं तेव्हा आजोबा दारात उभं राहून ओरडले होते, "टिकत नाही हा संसार!" अजून टिकलाय. झाला पुरावा!

सरांनी विचारलं, "मग तुमच्याकडे खरंच काही वाईट झालं तर काय म्हणता?"

मी हसले. वही उघडून पुढचं गणित विचारलं. 

२२ नोव्हेंबर

अभ्यास दुकानातच करते. घरी आई नसली की घर खायला उठतं, आणि दुकानात ठोकाठोकीत डोकं बरं चालतं. बाबांनी एक मोठा जुना सोफा उघडून ठेवलाय. वरचं कापड फाडलं, काथ्या काढला, आत गंजलेल्या स्प्रिंगा. नवारीच्या रुंद कापडी पट्ट्या नव्या ताणल्या, त्यावर स्प्रिंगा सुतळीने बांधायला घेतल्या. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणतात, हातोडीच्या लोहचुंबकाला तो चिकटतो, आणि ठक्! लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा खिळे खातात.

आज मध्येच थांबले. कमरेवर हात. "पाठ गेली माझी. आता मी काही फार दिवसांचा नाही."

आई म्हणाली, "जाताना तेवढा सोफा पुरा करून जा. गिऱ्हाईक रोज फोन करतंय."

खूप हसलो तिघंही.

६ डिसेंबर

लेखी परीक्षा. बरी गेली. घरी सांगितलं, "वाट लागली." आईने गोड करून चहा दिला.

२१ डिसेंबर

मुलाखतीला बोलावलं!!

आत्या धावत आली. दारातूनच सुरू: "गेली बिचारी कामातून! तिथे तोंडघशी पडणार, सगळ्यांसमोर नाक कापून येणार!" आणि मला घट्ट मिठी. तिला इतकी आनंदात मी क्वचितच पाहिलीय.

सगळे जेवायला बसलो. बाबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. आत्या म्हणाली, "काय रे, हाडं दिसायला लागली तुझी." बाबा म्हणाले, "तयारी चाललीये वर जायची." आत्या म्हणाली, "जा की, कोण अडवतंय!" पुन्हा हसाहशी.

बाबांनी दाभणाने पट्ट्याला नवं भोक पाडलंय. जुन्या भोकांपासून बरंच आत. आई म्हणाली, लग्नात होतात तसे बारीक दिसायला लागलात.

का कोण जाणे, मला ते भोक आवडलं नाही.

१२ जानेवारी

काल मुलाखत झाली. काल लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आजही नाही, पण लिहिते.

आधी सकाळचं. बाबा सोबत येणार होते. इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच बसून राहिले. "मी काही तिथवर पोचायचो नाही. तू जा." मी म्हटलं, बाबा, पुरे आता, उशीर होतोय. पण ते उठलेच नाहीत. कपाळावर घाम, तोही एवढ्या थंडीत! शेवटी मी चिडून एकटीच निघाले. चिडून!

मुलाखती इथल्याच एका कॉलेजात होत्या. एक लांब खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई वयस्कर, पांढरे केस, आवाज अगदी मऊ. मी खुर्चीत बसले आणि लगेच कळलं, डावीकडची स्प्रिंग तुटलेली आहे. हसू आलं. बाईंनी विचारलं, का हसलात? मी सांगितलं. त्यांनी तोच धागा धरला. एक स्प्रिंग गेली तर उरलेल्यांवर किती भार येतो? सुतळीने बांधलेल्या असतील तर? सुट्या असतील तर? कागद पुढे सरकवला. मी सुटले! लिहीत होते, बोलत होते, एका ठिकाणी चुकले, माझं मीच खोडलं. डावीकडचे गृहस्थ तर पुढे वाकून बघायला लागले. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि मग माती खाल्ली.

बाई म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न. आमच्या जागी तुम्ही असता, तर स्वतःला घेतलं असतंत?"

मी म्हटलं, "छे! अजिबात नाही."

तोंडातून गेलंच! विचार करायच्या आत गेलं.  बाईंनी चष्मा काढला. "का बरं?" आता काय सांगू? म्हटलं, "आमच्या घरात असं... हो म्हणत नाहीत." कान लालबुंद. त्या "बरं" म्हणाल्या आणि आभार मानले. संपलं. वर्षभराचा अभ्यास त्या एका "छे"त गेला.

घरी येऊन सांगितलं तर आई टाळ्या पिटायला लागली! "शाब्बास! हेच म्हणायचं असतं!" बाबा पोट धरून हसले. हसणं संपलं, तरी पोट धरूनच होते.

३१ जानेवारी

निकाल नाही. रोज बघते.

दुकानात आज हातोडी पडली. बाबांनी तोंडातले सगळे खिळे तळहातावर थुंकले, खिशात टाकले आणि त्याच अर्धवट सोफ्यावर बसले. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर ते कधीच बसत नाहीत.

"मी संपलो गं," आईला म्हणाले.

"मग हा चहा कोण पिणार?"

बाबा हसले नाहीत. आईचं मशीन थोडा वेळ चाललं, मग थांबलं.

तोंडात खिळे नसताना बाबांचा आवाज किती वेगळा आहे. मी विसरलेच होते.

५ फेब्रुवारी

मीच नेलं त्यांना. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे. आईला म्हटलं, पाठीसाठी मलम लिहून घेते.

डॉक्टर पोट दाबत होते. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. डोळे पिवळे होते! रोज समोर बसणाऱ्या मला ते दिसले नव्हते.

"कधीपासून दुखतंय?"

"झाले बरेच महिने."

"आणि घरी सांगितलं नाहीत?"

"रोज सांगतो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. 

१४ फेब्रुवारी

मोठं इस्पितळ. गुळगुळीत फरशी, लांबच लांब बाकं, बाकांचं रेक्झिन फाटलेलं. बाबा त्या फाटक्यात बोट घालून बघत होते. "स्वस्तातला फोम घातलाय," म्हणाले.

स्वादुपिंडात गाठ आहे. यकृतातही पसरलीये. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, सावकाश बोलल्या. ऑपरेशनचा उपयोग नाही, त्रास कमी करायची औषधं देऊ. "थोडं आधी आला असतात तर..." एवढं म्हणून थांबल्या. नसत्या म्हणाल्या तर बरं झालं असतं. किंवा मग पूर्ण तरी म्हणायचं.

आई त्यांना सांगायला लागली, "अहो, आम्हाला वाटलं ते... आमच्याकडे असंच बोलतात हो..."  त्या बाईंना यातलं काय कळणार! जगात दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस म्हणाला असता, मी मरतोय, तर घरच्यांनी चपला घातल्या असत्या आणि त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आम्ही चहा दिला. सोफा पुरा करून जा म्हटलं.

आणि बाबांना तरी नीट सांगता येत नव्हतं का? दोन शब्द वेगळे, एक शिवी, काहीही! विचारलं मी. म्हणाले, "मलाही वाटायचं, मी आपलं नेहमीचंच बोलतोय."

संताप संताप होतोय आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नाही.

१७ फेब्रुवारी

आत्या आली. सवयीने सुरू झाली, "काही बरा होत नाहीस तू आता..." आणि स्वतःचं बोलणं स्वतःच्याच कानावर पडलं. हाताने तोंड दाबून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली.

आता घरात कोणालाच बोलता येत नाही. वाईट बोलावं तर ते खरं आहे. चांगलं बोलायची हिंमत होत नाही. आम्ही मीठ दे, पंखा लाव, एवढंच बोलतो.

२ मार्च

निवड झाली.

दोन-तीनदा वाचलं. माझंच नाव आहे. सरांना फोन केला तर ते एवढे मोठे गृहस्थ हुंदके द्यायला लागले. म्हणाले, त्या मधल्या बाई त्यांच्या ओळखीच्या निघाल्या. म्हणे, "स्वतःला घेणार नाही म्हणणारी एकच मुलगी आली होती, आणि गणित मात्र तिलाच सुटलं होतं."

आईला सांगितलं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.  मशीनवर जाऊन बसली आणि कापड न घालताच ते चालवत राहिली.

मला काहीच वाटत नाहीये. ज्या दिवसासाठी वर्षभर जीव टाकला, तो आला आणि कोपऱ्यात बसून राहिला.

३ मार्च

बाबांना परवापासून इस्पितळात ठेवलंय, तिथेच त्यांना सांगितलं. कसं सांगावं याचा जाताना सगळा रस्ता विचार केला. शेवटी आमच्या पद्धतीनेच सांगितलं.

"बाबा, नाही घेतलं मला."

डोळे मिटून होते, उघडले. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"वाटलंच होतं मला. दगड आहेस, ठमे." माझा हात शोधून पकडला. त्यांच्या तळहाताला अजून घट्टे आहेत, बाकी सगळं विरघळल्यासारखं झालंय. मग म्हणाले, "तिथल्या वसतिगृहातल्या गाद्या भिकार असणार. दुकानात मागे जाड फोम पडलाय, निळ्या कापडाखाली. आईला सांग, खोळ शिवून देईल. तो घेऊन जा."

११ मार्च

मी जाणार नाही. ठरलं. विद्यापीठ देशाच्या दुसऱ्या टोकाला, एक अख्खा दिवस प्रवासाचा. वर्ग सुरू होतील पुढच्या महिन्यात, आणि बाबा तेव्हा... नाही लिहीत. दुकान आई एकटी कसं बघणार? तो सोफा अजून तसाच पडलाय, स्प्रिंगा उघड्या.

आई म्हणते, "तुझं तू बघ." पण निळ्या कापडाखालचा फोम तिने कापून, झटकून, उभा करून ठेवलाय.

आत्या म्हणते, थांब. सर म्हणतात, जा. जागा वर्षभर राखून ठेवाल का, म्हणून विद्यापीठाला विचारलं. नाही म्हणाले. परवापर्यंत काय ते कळवायचं आहे.

१३ मार्च

होकार कळवला. कसा, ते लिहून ठेवते.

दुपारी इस्पितळात बाबांना स्पष्ट सांगितलं, तुम्हाला असं सोडून मी जात नाही, माझं ठरलंय. आई पायाशी बसली होती, त्यांचे तळवे चोळत. बाबा म्हणाले, उशी दे. उशी दिली. जरा उठून बसले. माझ्याकडे सरळ बघितलं.

"जा तू. माझी काळजी करू नकोस. मी बरा होणार आहे. अगदी ठणठणीत बरा होणार आहे."

आईचे हात थांबले. तिने त्यांच्या पायांवर पांघरूण नीट केलं, उठली आणि बाहेर निघून गेली.