वीतभर रुंद टायर

चंद्रपूर, ता. १४ जून १९८७

ती. सत्यशीलाताईस,
श्रीहरीचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्रास कारणं दोन. पहिलं, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरच्या डॉक्टरांनी ४ ऑगस्ट ही तारीख दिली आहे; आदल्या दिवशी भरती. एक डोळा गेलाच, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, आता चुकलात तर पुन्हा दोन महिने नंबर नाही, असं ते म्हणाले. आईनं एस.टी.चे धक्के पुष्कळ खाल्ले. या खेपेस मी तिला माझ्या कॉन्टेसा मोटारीतून नेणार.

दुसरं कारण टायर. गाडी सेकंडहँड असली तरी इंजिन दमदार आहे. मूल गावच्या रस्त्यावर काटा शंभरापुढे नेला. पण टायर सायकलला शोभतील असे. परवा नागपुरात एका कारखानदाराच्या गाडीला वीतभर रुंद टायर पाहिले, तेव्हापासून कोर्टात चित्त लागत नाही. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर पकड, वळणावर स्थैर्य आणि पाहणाऱ्यावर वजन. वकिलांच्या बाररूममध्ये तीन दिवस चर्चा झाली. ज्यांच्याकडे स्कूटरच आहे त्यांचा रुंदीला भरघोस पाठिंबा आहे. टायरवाला इसरूभाऊ तेवढा म्हणतो की हे टायर डांबरी रोडचे आणि तुमच्या आईचं गाव चिखलाचं. पण तो ट्रकवाला माणूस; त्याला कारमधलं काय कळणार?

भाऊजींचं मत अवश्य कळव. निर्णय मी घेतलेला आहे.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ, श्रीहरी


मौजा येरंडझरी, ता. कुरखेडा
२५ जून १९८७

चि. श्रीहरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, चिखलात बारीक चाक खाली कडक जमिनीले जाऊन भिडते. रुंद चाक मोठ्या साहेबासारखं वरच बसून राह्यते. मी म्हटलं, श्रीहरीनं मत मागितलं आहे, सल्ला नाई.

आईची नजर आता उजेड-अंधारापुरतीच राह्यली. मागच्या हप्त्यात शेजारच्या सोमारीले तिनं माझ्या नावानं हाक मारली. चूक कळली तर दिवसभर आंगणात आली नाई. ऑपरेशन बिघडलं अन् हाही उजेड गेला तर, ही भीती तिच्या मनात आहे. ती माझा हात सोडत नाई. श्रीहरी येईन ना, एवढं रोज विचारते. टायरचं एकदाही विचारलं नाई.

तू ये. कशावरही बसून ये. रुखमाले जयभीम सांग. घरचे सगळे तुझी वाट पाहून राह्यले.
तुझी ताई


चंद्रपूर, ता. २२ जुलै १९८७

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

टायर बसले! गाडी आता उभी असतानाच पळते आहे असं वाटतं. पळताना मात्र जरा तक्रार करते. वळवली की टायर मडगार्डला आतून घासतो. इसरूभाऊनं मडगार्डची कड हातोडीनं आत ठोकली, तरी घासला. मग पुढे स्प्रिंगखाली ठोकळे घातले, मागच्या कमानी-स्प्रिंगांना एकेक पातं वाढवलं. गाडी इतकी उंच झाली की रुखमाला स्टुलावर पाय देऊन चढावं लागतं. स्टिअरिंग जड झालं आहे. परवा कोर्टात युक्तिवाद करताना हात वर गेला तो खाली येईना. न्यायाधीशांना वाटलं मी शपथ घेतो आहे.

एकच अडचण आहे. दोनाच्या वर माणसं बसली की गाडी दबते आणि टायर पुन्हा घासतात. म्हणून गाडीतून फक्त आई आणि मी. तू फाट्यावरून एस.टी.नं ये. रुखमा इथेच राहील. आईच्या सोयीसाठी टायर आणि टायरच्या सोयीसाठी आम्ही बाहेर का, असं ती विचारते. वकिलाशी संसार करून उलटतपासणी शिकली आहे.

आईला म्हणावं, काळजी नको. पाटावर बसल्यागत नेतो.
तुझा, श्रीहरी


नागपूर, ता. ६ ऑगस्ट १९८७

सौ. रुखमास,
ताईचे आशीर्वाद व जयभीम.

ऑपरेशन चांगलं झालं, हे आधी वाच. डोळ्यावर पट्टी आहे. आता काय घडलं ते सांगते, कारण तुझा नवरा सांगणार नाई.

दोन तारखेले उघाड होती, तर गाडी गावात आली. मग पाणी लागलं ते सकाळपर्यंत. तीन तारखेले मी पायी पुढे फाट्यावर गेली, दीड मैल. मागून आईले पुढच्या सीटवर बसवून श्रीहरी निघाला. शाळेच्या वळणावर गाडी तरंगली अन् हळूच, मोठ्या इतमामानं, सुकलूच्या धानाच्या नव्या रोवण्यात जाऊन बसली. टायर अन् मडगार्डच्या मधात चिखल असा भरला की चाकच फिरेना. श्रीहरी कोर्टाच्या बुटांत खाली उतरून हातानं चिखल उकरे. आईले दिसत नाई, गाडी थांबली एवढं समजलं. तिनं विचारलं, नागपूर आलं का? रोवणं सुकलूचं मोडलं होतं, पण त्यानं तोंडातून वाईट शब्द काढला नाई. तो म्हणे, वकीलसाहेब, हॉर्न चालू असन तर वाजवा, माणसं जमतीन. यांनी ओढायले हल्ल्यांची, म्हणजे रेड्यांची जोडी आणली. हल्ले गाडी पाहूनच मागं सरकले.

फाट्यावरून दिवसात ती एकच एस.टी. आम्हाले वेळेत नागपूरले नेणारी. श्रीहरीनं घड्याळ पाह्यलं, गाडी पाह्यली, आई पाह्यली. बूट तिथीच सोडले, आईले पाठीवर घेतलं अन् निघाला.

मी फाट्यावरून पाह्यलं तर चिखलाचा एक माणूस येऊन राह्यला, पाठीवर पांढरं लुगडं. मी कंडक्टरले हात जोडले. त्यानं गाडी थांबवली. श्रीहरीले दम एवढा लागला होता की त्याले तिकीट मागता येईना. सीट खराब होईन म्हणून कंडक्टरनं त्याले नागपूरपर्यंत उभंच ठेवलं. तो एका शब्दानं भांडला नाई. तुझा नवरा भांडला नाई, रुखमा! तिथंच मले रडू आलं.

त्याचे धुतलेले कपडे पाठव. मन मोठं ठेव.
ताई


मौजा येरंडझरी, २९ सप्टेंबर १९८७

चि. श्रीहरीस,
आई सांगते तसं ताई लिहिते. आईचा आशीर्वाद.

बापू, नागपूरवरून चष्मा घेऊन घरी सुखरूप पोचलो. चष्म्यानं तांदळातले खडे दिसते. सोमारीच्या नाकावर तीळ आहे, मले माहीतच नव्हतं. तू गाडीचे जुने टायर आणून लावले अन् रुंदवाले इथी टाकून गेला, ते पाह्यले. खरंच लय रुंद आहेत. एकेकावर दोन बाया आरामात बसतात. सुकलूचं रोवणं तू स्वतः येऊन पुन्हा लावून दिलं, वाकडं लावलं, पण लावलं. तो हासून सगळ्याइले सांगते.

एक गोष्ट नागपुरात बोलता आली नाई. पट्टी काढून चष्मा लावला तवा तू समोर उभा होता. मी आधी ओळखलंच नाई. तुये केस एवढे पांढरे झाले, अन् मले कोणी सांगितलं काऊन नाई? त्या दिवशी मले वाटत होतं, माया तरणा पोरगा मले पाठीवर घेऊन चालून राह्यला. म्हणून मी बिनघोर बसली. दम लागला का रे, एवढंही विचारलं नाई.

दिवाळीले रुखमाले घेऊन एस.टी.नं ये. मी फाट्यावर येईन, आपल्या पायानं. तू उतरशील तवा तुले दुरूनच ओळखीन.

तुयी आई, बायनाबाई