गोळ्या कोणाच्या?

अपेनिसा,

बाजाराची बोट आज लवकर सुटतेय, म्हणून तुला उठवलं नाही. किटलीत उकळलेलं पाणी आहे, तेच पी. कसाव्याचा उकडलेला कंद मऊ कुस्करून झाकून ठेवलाय. संडासातून आलास की साबणाने हात धू. गावातले यांगोनाच्या मुळ्यांचं पेय प्यायला बोलावतील, जाऊ नकोस. सगळ्यांची वाटी एकच असते.

आता गोळ्यांचं. ताप उतरला म्हणजे टायफॉइड गेला असं नाही. नर्सबाईंनी पुडी संपेपर्यंत घ्यायला सांगितलंय. अंगावर पुरळ आलं किंवा पोटात जोरात दुखलं, तर माझी वाट न बघता दवाखाना गाठ.

माझा भाऊ सेमी येईलच. म्हणेल, "दाजी, माझंही पोट बिघडलंय, दोन गोळ्या द्या की!" मागच्या वेळी तू दिल्यास आणि दोघंही पुन्हा तापाने पडलात. तापात तू मला आई म्हणून हाका मारत होतास, ते मी कोणाला बोलले नाही. सेमीला नर्सबाईंकडे पाठव.

तुला नाही म्हणता येत नाही, ठाऊक आहे मला. मागितलं की द्यायचं, ही आपल्या गावाची रीत. म्हणून आत्ता तू झोपेत असताना मीच त्या गोळ्या तुझ्याकडे मागितल्या. तू "हं" म्हणालास. तेव्हा आता त्या माझ्या झाल्या, दुसऱ्याला वाटायचा तुला हक्क नाही.

खाऊन झालं की त्यातली एक माझ्यासाठी गिळ.

माकेरेता