अडीच फेऱ्यांचं चक्र

शिराळा तालुक्यातून, बुधवार सकाळ

मित्रवर्य बादशहाभाई यांस,

बाळासोचा रामराम. इकडं सगळे जागच्या जागी आहेत, तुझी जागा तेवढी रिकामी आहे. वापीच्या दमट हवेत तुझा गुडघा कसा वागतो, सलिमावहिनींची साखर आटोक्यात आहे का, आणि सद्दाम तुला त्याच्या कारखान्यातली मशिनं दाखवतो की नुसतंच गॅलरीत बसवून ठेवतो, ते सविस्तर कळव. (फोनवर विचारलं की तू "बरं हाय" म्हणून फोन सुनेकडं देतोस, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईंनी कोण वारलं म्हणून विचारलं.)

तर गड्या, आपलं चक्र मी बांधलं. तुझ्या लेथच्या दुकानात तीस वर्षं फरशीवर खडूनं काढत आलो, अगदी तेच. बारा फूट उंच लोखंडी टाकी, पाण्यानं काठोकाठ भरलेली. तिच्यातून वर जाणारी आणि बाहेरून खाली उतरणारी एकच गोल साखळी, आणि साखळीला चोवीस बंद डबे. पाण्यातले डबे तरंगायच्या ओढीनं वर पळणार, बाहेरचे आपल्या वजनानं खाली येणार, आणि खाली आलेला डबा तळाच्या दारातून पुन्हा पाण्यात शिरणार. डिझेल नको, वीज नको. उसाला पाणी पाजायला लाईट कधी येते म्हणून मोटारीपाशी बसायला नको.

साखळी माझी (फौजेच्या वर्कशॉपात सतरा वर्षं मी दुसरं केलं काय) आणि दार तुझं, असं ठरलं होतं. डबा आत जावा पण पाणी बाहेर येऊ नये, असलं दार साऱ्या तालुक्यात आपणच करू शकतो, असं तूच म्हणायचास. तू पोराकडं गेलास आणि दार राहिलं. शेवटी ते गुंडा वेल्डरकडून करून घेतलं, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर लावून. गुंडा चाळिशीचा, शांत माणूस, हात सरळ आहे. पण त्याला जेवढं सांगावं तेवढंच तो करतो. तू कधी तेवढंच केलं नाहीस. (मी नांगराचा एक बोल्ट करून मागितला, तर तू अख्खा नांगर खोलून ठेवलास आणि माझी पेरणी आठवडाभर लांबली.)

रविवारी चक्र चालू करायचं ठरलं. कुणाला बोलावलं नव्हतं, पण आपल्या माजी सरपंचांना, हंबीररावांना, अशा गोष्टीचा वास लागतोच. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, नारळ घेऊन आले आणि नेमके तळाच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले. तुझ्या बनूवहिनीनं दोनदा सांगितलं, "आवं, जरा बाजूला बसा." ते म्हणाले, "न्हाई, मला तळातनं बघायचंय."

मी आणि गुंडानं हँडल मारून साखळीला चाल दिली आणि हात काढून घेतले. बादशहा, चक्र फिरलं. साखळी कुरकुरली, डबे एकामागून एक पाण्याबाहेर डोकं काढायला लागले. वरच्या चाकाचा एक फेरा झाला, दुसरा झाला. माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्याच्या निम्म्यात एक डबा दारात अडकला, ना आत ना बाहेर. मी पायानं रेटला, गुंडानं खांद्यानं रेटला. तेवढ्यात रबर फाटलं आणि टाकीतलं सगळं पाणी हंबीररावांच्या मांडीवर आलं. ते खुर्चीसकट गोठ्यापर्यंत गेले. नारळ मात्र त्यांनी सोडला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

पाणी ओसरल्यावर मी डावीकडं वळून म्हणालो, "बघ, रबर पातळ पडलं." डावीकडं तू असतोस. तिथं गुंडा उभा होता, मोबाईलवर फोटो काढत. तो "व्हय" म्हणाला. बादशहा, तीस वर्षांत तू मला एकदाही व्हय म्हणाला नाहीस.

सोमवारी पुतणी आली, क्रांती, वाईच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते ती. न हसता तिनं सगळं बघितलं. म्हणाली, "काका, डबा तळातनं आत शिरतो तवा आपल्या मापाएवढं पाणी त्याला बारा फूट वर ढकलावं लागतं. वर येताना तो जे देणार, ते दारातच देऊन आलेला असतो." मी विचारलं, दार अजून चांगलं केलं तर? ती म्हणाली, "दार कितीबी चांगलं करा, पाणी तेवढंच हाय."

संध्याकाळी सहाला माझे पाय अजून तुझ्या दुकानाकडंच वळतात. बंद शटरपुढं उभा राहतो. कुणी बघितलं की चपलेतला खडा काढल्यासारखं करतो आणि परत फिरतो. बनूशी चक्रावर बोलून बघितलं. ती सगळं ऐकून घेते, पण वाद घालत नाही, आणि वादाशिवाय मला पुढचं सुचत नाही.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझा,
बाळासो

ता. क. : टाकी भंगारात द्यायची नाही असं घरात सांगून ठेवलंय. क्रांतीचं बरोबर आहे, तरी दार नव्यानं करायचं आहे. चार दिवस आलास तर होईल. मधली खोली झाडून घेतली आहे. तुझ्या गुडघ्यासाठी पायरीशेजारी लोखंडी दांडा बसवलाय.

आणखी एक ता. क. : क्रांतीनं सांगितलं ते मला नवीन नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली दुकान माझ्यावर सोडून तू बहिणीकडं मिरजेला गेला होतास. तेव्हा एक कॉलेजचे प्राध्यापक स्कूटरचा कसलासा पार्ट करून घ्यायला आले. फरशीवरचं आपलं चित्र बघून त्यांनी हेच सगळं पाच मिनिटांत समजावलं, आणि मला तिथंच पटलं. ते गेल्यावर मी चित्र पुसायला फडकं घेतलं होतं, पण पुसलं नाही. चक्र फिरणार नाही हे तुला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याकडं काय निमित्तानं आलो असतो? एवढी वर्षं लपवलं. राग आला असेल तर फोनवर काढू नको. गाडी धर आणि इथं येऊन काढ.