आईच्या गाण्यानंतर

१४ नोव्हेंबर, रविवार

चि. चिमणीस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. जावईबापू बरे आहेत ना? मी ठीक; गुडघा तेवढा कुरकुरतो.

तू मोबाइलवर तुझी आवडती गाणी पाठवलीस आणि म्हणालीस, "बाबा, आता तुझी पाठव." त्यावर टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिलं घोडागाडीचं. मी शिवण शिकत होतो तेव्हा दुकानातल्या रेडिओवर लागायचं. ठेका असा, की मशीनवर पाय आपोआप पळायचा. एकदा त्या नादात गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांनाच शिवून टाकले. मालक ओरडायला आले, पण त्यांनाच हसू आवरेना.

दुसरं, तू नोकरीला निघालीस त्या दिवशी बसमध्ये वाजत होतं ते. गाणं चांगलं उडतं, पण ऐकलं की मला डोळे पुसावे लागतात.

तिसरं तुझ्या आईचं आवडतं, ते चंद्रावरचं. ती गेल्यापासून लावलंच नव्हतं. या उन्हाळ्यात एकदा धीर करून लावलं, तर पहिल्याच कडव्याला दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. बाही उसवली म्हणून आल्या होत्या. मी घाईघाईनं गाणं बंद केलं.

"बंद का केलंत?"

"आमच्या हिचं आहे ते."

"मग पुरं होऊ दे की. मी थांबते."

दारातच उभ्या राहून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी हुंदके देऊन रडलो, चिमणे. नंतर त्या म्हणाल्या, "गोड गात असतील त्या."

"छे! बेसूर. पण मोठ्यानं."

दोघंही हसलो. किती दिवसांनी हसलो होतो मी!

तेव्हापासून ड्यूटी संपली की त्या डोकावतात. गाणी ऐकतो, चहा होतो.

हेच सांगायचं होतं. गाण्यांच्या आडून आलो, एवढंच. काल मी त्यांना विचारलं, पुढचे दिवस एकत्र काढू या का? त्या म्हणाल्या, "मला आवडेल. पण मुलीशी आधी बोलायला नको होतं का?" चांगल्याच रागावल्या माझ्यावर. बरोबरच आहे त्यांचं.

तुला राग आला तर भांड, वाट्टेल ते बोल. फक्त गप्प बसू नकोस. तू गप्प झालीस की मला काही सुचत नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच तुला घाबरलेला,
तुझा बाबा