चंद्रभानजींच्या घरचे सहा दरवाजे

४ मे १९९८, कारंजा (घाडगे)

चंद्रभानजी आले. बसले नाहीत. "वहिनी, सहापैकी दोनच दरवाजे झाले. मिस्त्रीची तब्येत पाहून मी चूप राह्यलो. पण पंधरा जूनले वास्तू हाये. सागवान उचलतो अन् अमरावतीले देतो."

हे, म्हणजे मिस्त्री, खुर्चीत बसून ऐकत होते. मार्चात झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा आणि तोंडात एकच शब्द उरलेला. तोच म्हणाले — "नाई." चंद्रभानजींना तो नकार वाटला. मला विनवणी.

म्हटलं, "लाकूड हलवायचं नाही. दरवाजे इथेच होतील."

"कोन करन?"

"मी."

हसले! हसू देत. दुकानातून लाकूड गेलं तर मिस्त्री त्या खुर्चीतून पुन्हा उठायचे नाहीत, एवढं मला कळतं.

५ मे

संस्कृतात एम.ए., दैनिकाची तालुका वार्ताहर, वय सत्तेचाळीस — आणि हातात रंधा. संपादकांना कळू नये. पहिल्या पानावर टाकतील.

वीस वर्षं आमच्याकडे करवत चालवणारा पुनाजी म्हणतो, "वहिनी, दाबू नका त्याले. चालू द्या. तुम्ही त्याले शिकवून राह्यल्या!"

९ मे

पॅनेल म्हणजे दाराच्या मधली जाड फळी. तिच्या चारी कडा उतरत्या रंधायच्या. मग मधला भाग उठून दिसतो आणि पातळ झालेली कड पट्ट्यांच्या खाचेत बसते. लिहायला किती सोपं! आडव्या कडेवरून रंधा नेला की शेवटी कोपरा उडतो. आज तीन उडाले. आडव्या कडा आधी, उभ्या मागून — हे मिस्त्रींनी डाव्या हातानं फळी फिरवून चौथ्यांदा दाखवलं. एका शब्दात ते मला आठ प्रकारे रागावतात. आमच्या गुरुजींना त्यासाठी अख्खा श्लोक लागायचा.

१० मे

चौथा नाही उडाला.

२३ मे

पहिला दरवाजा उभा राहिला! मिस्त्रींनी काटकोन तपासायचा गुण्या खुणेनं मागितला, कोपऱ्याला लावला, आणि "नाई." केसाएवढी फट. सांध्यांतला सरस वाळण्याआधी ते ठोकून मोकळे करायला लावले. पुनाजी कुजबुजला, "चालून जाते ना एवढं." मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला निघून गेला. मी रडले नाही. स्वयंपाक व्हायचा होता.

१४ जून

सहाही बसले. चंद्रभानजी एकेका पॅनेलवरून हात फिरवत गेले. "यातले मिस्त्रीचे कोनते दोन?"

सांगितलं नाही. विचारू देत जन्मभर.

१९ जुलै

चंद्रभानजींचा निरोप — बैठकीचा दरवाजा तडकला. वरपासून खालपर्यंत. पाच आठवड्यांची माझी ऐट उतरली. छत्रीही न घेता गेले. वाटलं, मी केलेल्यांपैकीच असणार.

नव्हता. तो यांचा होता, फेब्रुवारीतला.

पुनाजीनं पटाशीनं पट्टी सोडवली. खाचेत चारी बाजूंनी सरस. सरस फक्त सांध्यांना लावायचा, पॅनेल खाचेत मोकळं ठेवायचं — मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं सरसाचं भांडं हिसकून घेतलं होतं! पुनाजी पटाशी धरून तसाच बसला. "मिस्त्रीनं लावला? मिस्त्रीनं?"

म्हणजे यांचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. झटक्याच्या महिनाभर आधी. तेव्हा ते चष्मा विसरायचे, गाडीची किल्ली विसरायचे. आणि मी त्यांच्या विसराळूपणावर श्लोक रचून शेजारी ऐकवत होते. विदुषी!

पुनाजीला म्हटलं, घरी एक शब्द काढायचा नाही. उद्या नवं पॅनेल.

२१ जुलै

नवं पॅनेल बसवलं. मिस्त्रींना सांगितलं — बैठकीचा दरवाजा तडकला, तो माझा होता. खाचेत सरस मीच भरला होता.

 त्यांच्या कपाळाची शीर फुगली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"काऊन... लावला वं? लाकूड... फुगते. त्याले... जागा द्या लागते."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पुनाजी बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.