लॅपटॉपवरच्या अक्षता

परळी, दसऱ्याचा दुसरा दिवस, २००४

काल गेम खेळायला जुना लॅपटॉप आणला, पूजा केली आणि आज गेम चालू असतानाच स्क्रीन काळी! गेममधल्या गाडीचा आवाज येतोय, चित्र नाही. विकणाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोललो.

शेवटी बायकोच वाकून बघायला लागली. “अहो, झाकण मिटलं की दबतं ते बटण हेच ना? हितं तांदूळ अडकलाय.”

म्हणजे लॅपटॉपला वाटतंय झाकण बंदच हाय! एवढ्या अक्षता टाकल्या कुणी? मीच, मूठभर. सुईनं दाणा काढला, स्क्रीन लख्ख! दोघंही ओरडलो.

मग शर्यतीत तिनं मला तीनदा हरवलं. तो कुंकू लागलेला दाणा समोर ठेवून लिहितोय. विकणाऱ्याची माफी उद्या नक्की मागायची. पण आधी एक तरी शर्यत जिंकू दे.